तायडे सरांची शांतता

तायडे सर कोणाच्या कानात कुजबुजले की शेजारच्या वर्गातली पोरं पाढे म्हणायला लागत. खोटं नाही सांगत. चिखलीच्या आमच्या शाळेत त्यांचा गणिताचा वर्ग आणि माझा मराठीचा वर्ग यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि ती नसल्यातच जमा होती. मी इकडे रंगात येऊन कविता समजावत असावं आणि तिकडून "काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्गऽऽ" अशी आरोळी उठावी, की माझीच पोरं एका सुरात "उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज!" म्हणून मोकळी. कवितेचा पार चुराडा. मी भयंकर चिडायचे. मधल्या सुट्टीत भांडायलाही जायचे. सर मान खाली घालून सगळं ऐकून घेत आणि म्हणत, "बाई, म्या त हळूच बोलत होतो." हे वाक्य मैदानापलीकडच्या पानटपरीवर ऐकू जाई.

आणि असा हा माणूस, त्याला दुसऱ्या कुठल्याही आवाजाचा कमालीचा तिटकारा! खडू करकरला की त्यांच्या कपाळावर आठी. पंखा कुरकुरला की ते बोलता बोलता थांबत, वर बघत आणि खिशातून पेचकस काढत. पेनाशेजारी तो कायम अडकवलेला असे. "खोलून पाहू," एवढं ते म्हणाले की समजायचं, आता ही वस्तू काही एका तुकड्यात राहत नाही. पंखा, भिंतीवरचं घड्याळ, नळ, घरची शिलाई मशीन, माझी सायकल (मी नको नको म्हणत असताना), सगळं त्यांनी खोललं. बहुतेक वेळा वस्तू नीट होई, हे कबूल करायलाच हवं. पण दर वेळी दोन-तीन स्क्रू उरत. ते त्यांनी लोणच्याच्या एका रिकाम्या बरणीत जमवले होते. "अहो सर, हे उरले कसे?" असं विचारलं तर अगदी गंभीरपणे सांगत, "कंपनी जास्तीचेच देत असते बाई. हरवले बिरवले त असावे म्हणून."

शाळेच्या एकूण एक बाकाच्या पायांना त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधले. त्याने खरंच फरक पडला. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी कौतुक केलं आणि तिथेच चुकलं. सरांना जोर चढला आणि त्यांनी शाळेची घंटा हातात घेतली. शिपायाचे टोल कानठळ्या बसवतात म्हणून टोल्याला जुन्या धोतराचं फडकं गुंडाळलं. घंटा मग फार गोड वाजायला लागली. इतकी गोड की दुसऱ्या दिवशी शाळा सुटली ते कोणाला कळलंच नाही. शिपाई टोल देऊन आपल्या घरी निघून गेला, पोरं बसलेली, आम्ही घसा कोरडा करतोय. शेवटी सरांचंच लक्ष घड्याळाकडे गेलं आणि ते व्हरांड्यात येऊन "सुटलीऽऽ" म्हणून ओरडले. शाळा तर सुटलीच, पण बाजार समितीत धान्याचा लिलाव चालला होता, तोही म्हणे क्षणभर थांबला.

शाळा सुटली तरी माझी सुटका नव्हती, कारण घरीही आम्ही शेजारी होतो. त्यांचं घर आणि माझं घर, मध्ये एक पाठभिंत. त्यांच्या घरात काय शिजतंय ते मला वासाच्या आधी आवाजाने कळे. "सुमन, वांग्यात मीठ कमी हाय व!" हे माझ्याही वांग्याला लागू पडे. सुमनवहिनी जात्याच कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या की नेमकं बोलत. "यायले टीव्हीचा आवाज कमी पाह्यजे, मिक्सरचा कमी पाह्यजे," त्या मला सांगत. "यायचा कोन कमी करीन?"

"हळू बोला" हे त्यांना सगळ्यांनी सांगून झालं होतं. मुख्याध्यापकांनी, बायकोने, मी, बँकेतल्या माणसाने, एकदा तर एसटीच्या ड्रायव्हरने. फक्त एका व्यक्तीने कधी सांगितलं नाही. ती म्हणजे त्यांची आई. गयाबाई नाव. देऊळघाटला एकटीच राही, सणावाराला चिखलीला येई. काटकुळी, पांढऱ्या केसांची, आणि आवाज असा की समोर बसलं तरी पुढे वाकून ऐकावं लागे. सर मोठ्याने बोलायला लागले की ही म्हातारी हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे बघत बसायची. "एवढ्याशा आवाजाच्या माउलीच्या पोटी हा भोंगा आला कुठून?" असं आम्ही शिक्षकखोलीत हसायचो. सरही हसत. "मायवर त नाहीच गेलो," म्हणत.

बापावर गेले का, हे कोणाला ठाऊक नव्हतं. सर पाळण्यात असताना वडील तापाने गेले. फोटो नाही. गावातली बरोबरीची माणसंही राहिली नव्हती. त्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे खरं, पण गयाबाई नुसतं नावच नाही, विषयच घेत नसत. सरांनी विचारलं की म्हणत, "आठवत नाही बापा मले आता." आणि उठून निघून जात.

तर असं सगळं चाललेलं असताना त्यांच्या घरी कॉम्प्युटर आला.

गावातल्या एका पतसंस्थेने नवे कॉम्प्युटर घेतले आणि जुने मोडीत काढले, त्यातला एक सरांनी हौसेने उचलून आणला. तेव्हा घरी कॉम्प्युटर असणं ही मोठी गोष्ट होती. सगळी गल्ली बघायला जमली. सरांनी बटण दाबलं आणि बाप रे! आधी एक गुरगुर, मग घरघर, मग अशी काही धडधड की भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं. जमलेली पोरं टाळ्या वाजवायला लागली. सरांचा चेहरा मात्र उतरला. ज्या माणसाने बाकांना रबर बांधलं, त्याच्याच घरात हे!

दोन दिवसांनी गल्लीच्या टोकाला नव्याने राहायला आलेली एक बाई ज्वारीचा डबा डोक्यावर घेऊन सरांच्या दारात उभी. "दादा, नंबर लागला का? बारीक दळजा, भाकरीचं हाय." वहिनींनी तिला चहा पाजून परत पाठवलं आणि नंतर माझ्या ओट्यावर येऊन पोट धरून हसल्या. तेव्हापासून गल्लीत त्या कॉम्प्युटरचं नाव चक्की पडलं. "सर, चक्की चालू हाय का?" असं लोक खुशाल विचारत, आणि सर दात-ओठ खात.

एरवी ही गोष्ट थट्टेवरच संपली असती. पण त्याच उन्हाळ्यात गयाबाईंचा घसा दुखायला लागला. आधी काढे झाले, मग बुलढाण्याचे डॉक्टर झाले, मग औरंगाबाद. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की घशातली गाठ काढावीच लागेल, जीव वाचेल, पण आवाज राहील याची खात्री नाही. महिन्याभराने या म्हणाले.

त्या संध्याकाळी सर माझ्या ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मला वाटलं, माझेच कान गेले.

"बाई," शेवटी ते म्हणाले, "माय दळताना गाये. मी लहान असताना तिच्या मांडीवर डोकं ठेवून निजो. जातं फिरे, पीठ माह्या केसात पडे, अन् ती गाये. त्यातलं एक गानं माह्या बापाचं होतं."

"कशावरून?"

"तथी आली का तिचा आवाज अडके. चाल मले अजून आठवते. शब्द एक नाही आठवत." त्यांनी खिशातला पेचकस काढला, परत ठेवला. "गावात चक्की आली अन् जातं सुटलं. गानंबी सुटलं. माह्या बापाचं या जगात तेवढंच हाय बाई, दुसरं काही नाही. ते मले पाह्यजे. मायचा आवाज जायच्या अंदी पाह्यजे."

एवढं बोलून त्यांनी नाक शिंकरलं. ते मात्र नेहमीसारखंच, कावळे उडाले.

दुसऱ्या दिवशी बैठक जमली. मला बोलावणं होतं, कारण गयाबाईंनी साफ सांगितलं होतं, "गड्याच्या समोर मी एकटी नाही गानार. बाया पाह्यजेत." म्हणून सतरंजीवर एका बाजूला मी, एका बाजूला वहिनी, मध्ये म्हातारी. ज्वारी भरलेल्या तांब्यात उलथनं खोचून त्याला माइक बांधला होता. तो सरांचा शोध. सरांनी कॉम्प्युटर सुरू केला. चक्की घरघरायला लागली.

मी गयाबाईंकडे बघत होते. त्या आधी अवघडून बसल्या होत्या. मग हळूहळू त्यांचा उजवा हात गुडघ्यावर गोल फिरायला लागला. डोळे अर्धवट मिटले. ओठ हलले, गळ्यातून गुणगुण आली, आणि मग शब्द आला, "वावरातून हाक..."

"थांब, थांब माय!" सर ओरडले. "मशीनचा आवाज येऊन राह्यला! सगळं खराब होते!"

म्हातारी दचकली. हात थांबला. नंतर सर हात जोडून बसले, वहिनींनी विनवणी केली, मी एक जुनं पाळणागीत म्हणून दाखवलं, पण गयाबाईंच्या तोंडातून शब्द आला नाही. "आठवत नाही बापा," एवढंच. वर कॉम्प्युटरही मध्येच अडकून पडला. जुनं यंत्र, त्याला बोलणं साठवायचा हा ताण झेपेना.

सर मला भिंतीशी घेऊन गेले. "बाई, चाल तीच होय! तीच! आता फक्त या चक्कीचं तोंड बंद करतो, मंग पाहा."

झालं. सर कॉम्प्युटरच्या मागे हात धुवून लागले. पहिल्यांदा खोललं, आतली पतसंस्थेची सगळी धूळ अंगणात झटकली आणि पंख्याला शिलाई मशीनचं तेल सोडलं. धडधड गेली आणि शिट्टी आली. कुकरच्या शिट्टीसारखी. वहिनी दोनदा गॅस बंद करायला धावल्या. मग गोधडी. सरांनी सबंध डबाच गोधडीत गुंडाळला, वर उशी ठेवली. आवाज खरंच कमी झाला, पण थोड्या वेळाने गोधडीतून गरम वाफा यायला लागल्या आणि कॉम्प्युटर आपोआप बंद पडला. "ताप भरला त्याले," गयाबाई म्हणाल्या. "पट्ट्या ठेव."

मग कापूस. आपल्याकडे कापसाला काय तोटा! सरांनी सुताराकडून लाकडी खोकं करून घेतलं, चारी बाजूंनी सरकीसकट कापूस ठासून भरला आणि मधोमध कॉम्प्युटर बसवला. आतल्या पंख्याने पहिल्या दहा मिनिटांत कापूस ओढून घेतला आणि मागच्या जाळीतून पांढरे पुंजके उडवायला सुरुवात केली. खोलीभर कापूस. गयाबाईंच्या केसांत कापूस, माझ्या चहात कापूस. वहिनी दारात उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "आता सरकी वेगळी काढून देते का, तेवढं पाहा."

सगळ्यावर कडी म्हणजे कूलर. कॉम्प्युटर तापतो, म्हणून पंखा जोरात फिरतो, म्हणून आवाज होतो, असं गणित सरांनी मांडलं. ते बरोबरच होतं. उत्तर मात्र आमच्या भागातलं निघालं. बाहेरच्या खोलीतला भला मोठा पत्र्याचा कूलर ओढत आणला, त्यात बादल्यांनी पाणी ओतलं आणि कॉम्प्युटरसमोर लावून सुरू केला. वाळ्याचा वास, पाण्याची टपटप आणि कूलरचा तो घोंघावता वारा. सर कान देऊन उभे राहिले. चेहरा खुलला. "पाहा बाई! कॉम्प्युटरचा आवाज येते का आता?"

"नाही सर," मी म्हटलं. "तुमचाही येत नाही."

तेव्हा कुठे त्यांनी हार मानली आणि तो डबा मोटरसायकलला बांधून बसस्टँडमागे शकीलच्या दुकानात नेला. शकील कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्याने झाकण उघडलं, आतून कापसाचा एक बोळा काढून टेबलावर ठेवला आणि सरांकडे बघत म्हणाला, "सर, ये बीमार है. इसको रजई नहीं, इलाज देना पडता."

इलाज झाला. जुना खडखड्या पंखा काढून मोठा, हळू फिरणारा पंखा बसवला. आतल्या मुख्य तुकड्यावरचा वाळून खपली झालेला लेप खरवडून नवा लावला, म्हणजे तो कमी तापेल. रॅम वाढवली, म्हणजे मध्ये अडकणार नाही. हार्ड डिस्क डब्याला घासून गुरगुरत होती, तिच्याखाली काय घालावं याचा शकील विचार करत होता. तेव्हा सरांनी खिशातून सायकलच्या ट्यूबचे तुकडे काढून दिले. ते अगदी फिट्ट बसले. त्या दिवशी सर एवढे खूश होते की शकीलच्या दुकानात तीन स्क्रू उरले ते त्यांनी त्यालाच बक्षीस दिले.

घरी आणून बटण दाबलं. काही नाही. सरांनी डब्याला कान लावला. मग मला बोलावून लावायला लावला. आत काही तरी श्वास घेतंय, एवढंच कळत होतं. सर खोलीच्या मधोमध उभे राहून त्या शांततेकडे एखाद्या नव्या जावयाकडे बघावं तसं कौतुकाने बघत होते. मला त्यांचा खरंच हेवा वाटला. माणसाने एवढ्या जिद्दीने काही करावं आणि ते जमावं, असं कितीदा होतं?

गयाबाईंना औरंगाबादला न्यायला एकच दिवस उरला होता. दुपारी पुन्हा सतरंजी, पुन्हा ज्वारीचा तांब्या, मी, वहिनी. वीज पाचला जाणार होती, भारनियमनाचा तोच नेम होता. सरांनी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, गल्लीतल्या पोरांना ओरडून गप्प केलं आणि खुणेने म्हणाले, हं.

गयाबाई बसून राहिल्या.

आम्ही वाट बघितली. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. हात गुडघ्यावर तसाच. इकडेतिकडे बघितलं. मग कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मेली का ही?"

"नाही माय, चालूच हाय."

"मंग आवाज काऊन नाही?"

"बंद केला म्या. तुह्यासाठीच त केला! आता गाय तू बिनघोर."

म्हातारीने लेकाकडे असं बघितलं की मला अजून आठवतं. राग नव्हता त्यात, कीव होती. "अरे भास्कऱ्या," ती म्हणाली, "आवाज नाही त हात कशाच्या मांगं फिरवू? अन् हात नाही फिरला त गानं कुठून येईन बे? गानं काय तोंडात असते?"

सर खाली बसले. मला सगळं लख्ख दिसलं. त्या दिवशी चक्कीची घरघर ऐकूनच तो हात फिरायला लागला होता, आणि घरघरीबरोबरच शब्द आला होता. आणि सरांनी नेमकी तीच घरघर महिनाभर खपून उपटून काढली होती.

"देऊळघाटचं जातं आनू," वहिनी म्हणाल्या.

"खांदा उचलत नाही माहा," गयाबाई म्हणाल्या. "अन् त्या जात्याची वरची तळी आता न्हानीत धुनं आपटायले हाय."

मग सरांनी एक करून बघितलं, जे मी जन्मात विसरणार नाही. हा गणिताचा शिक्षक, केस पिकलेला, आईच्या समोर मांडी घालून बसला, गाल फुगवले आणि तोंडाने जात्याचा आवाज काढायला लागला. "घर्रर्रर्र... घर्रर्रर्र..." आम्ही दोघी पदराला तोंड लावून हसलो. गयाबाई तर एवढ्या हसल्या की त्यांना खोकला लागला. "तू रेडा होय का जातं?" त्या म्हणाल्या. पण सर हसत नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तरी ते घरघरत होते.

एकदम उठले आणि मोटरसायकलला लाथ मारली. शकीलने नंतर आम्हाला ती गोष्ट रंगवून सांगितली. सर दुकानात शिरले आणि म्हणाले, माझा जुना पंखा दे. शकीलने तो भंगाराच्या खोक्यात टाकला होता. "सर, पूरा गाँव पुराना देके नया लेता. आप नया देके पुराना मांग रहे!" सरांनी सरळ खोक्यातच हात घातला. शकीललाही काय वाटलं कोण जाणे, दुकान उघडं टाकून तो मागे बसून घरी आला आणि दोघांनी मिळून तो खडखड्या पंखा जागेवर बसवला. तेल पुसून टाकलं. गुरगुरणाऱ्या डिस्कखालचं रबरही सरांनी स्वतःच्या हाताने ओढून काढलं. एक पाती वाकली होती ती शकील सरळ करायला गेला तर सर म्हणाले, "राहू दे. तिचाच सूर होय तो."

बटण दाबलं. चक्की धडधडली. कॅलेंडर फडफडलं. शकील गडी माणूस म्हणून व्हरांड्यात जाऊन बसला. सरही निघाले, पण गयाबाईंनी त्यांना हाताने थांबवलं आणि आपल्या मांडीवर थोपटलं. पन्नाशीच्या घरातला तो दांडगा माणूस क्षणभर लाजला, आणि मग आडवा होऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडला.

गयाबाईंचा हात फिरायला लागला.

आधी भलत्याच ओव्या आल्या. माहेरच्या, भावाच्या, बाबासाहेबांच्या, पावसाच्या. कुठेही न अडखळता. मग हात जरा मंदावला, चाल बदलली, आणि सरांनी डोळे मिटले.

"वावरातून हाक मारे, घरात हाले शिंकं,
धनी गावाले गेले का, घर होते मुकं."

सुमनवहिनींनी माझा हात घट्ट धरला. आवाज तिथे अडकला, हे खरंच. मग पुढची ओवी आली, इतकी हळू की चक्कीच्या आवाजातून ती वेचून घ्यावी लागली.

"हाक गेली दूर बाई, नाही आली फिरून,
लेक रडे पाळन्यात, तोच गळा घेऊन."

पाच वाजता वीज गेली. चक्की थांबली, गाणंही थांबलं. पण शकीलने लावून दिल्याप्रमाणे यंत्र ऐकता ऐकताच सगळं साठवत गेलं होतं. शकीलने घातलेल्या रॅमने मध्ये दगा दिला नाही. सर मांडीवरून उठले नाहीत. ज्यांना सगळ्या गावाने "हळू बोला" म्हणून सांगितलं, त्यांना आई का म्हणत नव्हती, ते आता आम्हा सगळ्यांनाच कळलं होतं. मी घरी आले आणि मनसोक्त रडले. भिंतीपलीकडूनही काही आवाज नव्हता, आणि त्या शांततेत मला मुळीच बरं वाटलं नाही.

ऑपरेशन झालं. गयाबाई वाचल्या, आवाज गेला. त्यानंतर त्या चिखलीलाच राहिल्या, खुणांनी बोलत, हसत. ते रेकॉर्डिंग सरांनी आम्हाला ऐकवलं. त्यात घरघर आहे, खडखड आहे, ती वाकडी पाती आहे. एका हुशार पाहुण्याने ते ऐकून सांगितलं की हा मागचा आवाज आता कॉम्प्युटरवर अगदी सहज पुसून टाकता येतो. सरांनी त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं.

पुढे माझी बदली देऊळगाव राजाला झाली. जायच्या आदल्या संध्याकाळी निरोप घ्यायला गेले. बाहेरगावी नोकरी करणाऱ्या सरांच्या मुलीने तोवर त्यांना नवा लॅपटॉप पाठवला होता, अजिबात आवाज न करणारा. तरी अंगणात पाऊल ठेवलं आणि ओळखीची घरघर ऐकू आली. मी खिडकीशीच थांबले. चक्की चालू होती. पडदा काळा, माउस नाही, कीबोर्ड नाही, नुसता तो डबा एका पाटावर ठेवून सुरू केलेला. समोर सतरंजीवर गयाबाई, उजवा हात गुडघ्यावर गोल फिरतोय. आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसलेले तायडे सर बायकांची ती ओवी गात होते. बेसूर म्हणजे किती बेसूर! चाल चुकली की म्हातारी त्यांच्या गुडघ्यावर चापट मारी, आणि ते परत पहिल्यापासून सुरू करत.

"वावरातून हाक मारे..."

गयाबाईंनी हात वर केला. मला वाटलं, शेवटी आईनेही सांगितलं वाटतं, हळू. पण त्यांचा तळवा वरच्या बाजूला होता. अजून, त्या खुणावत होत्या, अजून मोठ्याने.

सरांनी छाती भरून घेतली आणि आवाज सोडला. स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटं थरथरली. सुमनवहिनींनी ती धरायला हात पुढे केला, आणि मग तसाच मागे घेतला.